काठावरची उल्का

वहिनी हसली. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारामागून ते हसणं बाहेर आलं आणि चहाचा कप घेऊन आपल्या खोलीकडे निघालेली बारकी कॉरिडॉरमध्ये जागच्या जागी थांबली. कप हिंदकळला, चहा बोटांवर सांडला, चांगला चटका बसला, तरी तिने कप दुसऱ्या हातात घेतला नाही. दादा गेल्यापासून वहिनीला हसताना तिने ऐकलं नव्हतं. दोघी एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर, मध्ये चार दारं सोडून काम करायच्या. तरी दिवसचे दिवस बोलणं नसे, आणि झालंच तर कामापुरतं, तेही दाराच्या चौकटीत उभं राहून, आतली फरशी तापलेली असल्यासारखं. बारकीकडे वहिनीविरुद्ध सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच की ही बाई हसत नाही. आज तेही गेलं. आणि हसणं तरी कसं, तर नाकातून सुरू होऊन घशात अडकणारं, दादाला आवडायचं तेच. जेवताना संचालकांची नक्कल करून तो ते तिच्याकडून काढून घ्यायचा, आणि ते निघालं की बारकीकडे बघून भुवया उडवायचा, बघ, जमलं की नाही. तेव्हा बारकीही हसायची. आता दारामागे कुणीतरी पुरुषी आवाजात काहीतरी म्हणालं, वहिनी पुन्हा हसली, आणि बारकीला वाटलं, की हे दार लाथेने उघडावं आणि विचारावं, काय झालं एवढं दात काढायला? तिने तसं केलं नाही. खोलीत जाऊन तिने उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला आणि भाजलेली बोटं नळाखाली धरून उभी राहिली. पाणी कोमट होतं. इमारतीतली कुठलीच गोष्ट वेळेवर थंड नसते.

काय झालं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. संस्थेचे कॅमेरे गावाबाहेरच्या उंच जागांवरून रात्रभर आकाश टिपत असतात. वाळूच्या खड्याएवढा दगड हवेत शिरतो, जळतो, एक रेघ उमटते, संपतं. दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांत तीच रेघ सापडली की तिचा वेग काढता येतो, पृथ्वीची स्वतःची धाव त्यातून बाजूला करता येते, आणि मग दगड सूर्याभोवती कसा फिरत होता ते कळतं. जवळजवळ सगळे सूर्याच्याच पदरचे, धूमकेतूंनी वाटेत सांडलेले. पण एखाद्याचा वेग सेकंदाला बेचाळीस किलोमीटरच्या वर निघाला, तर तो सूर्याला धरून ठेवताच आला नसता. म्हणजे तो दुसऱ्याच कुठल्यातरी ताऱ्याकडून निघालेला, कोण जाणे किती काळ अंधारातून येत राहिलेला. वहिनीच्या उल्केचा वेग चव्वेचाळीसच्या वर भरला होता. प्रसिद्धी विभागातला माणूस कँटीनमध्ये टेबलाटेबलावर जाऊन सांगत होता, "परग्रहावरची पाहुणी आली आपल्याकडे!" बारकीने मान वर न करता म्हटलं, "परग्रह नाही. आणि पाहुणीही नाही. जळून गेली ती." तो ओशाळला, पण गेला नाही. "तुम्हाला आनंद नाही झाला? घरातलीच गोष्ट." बारकीने ताट उचललं. घरातली! या लोकांना त्या दगडाचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना नणंद आणि भावजय बघायच्या होत्या.

कारण अशा उल्का याआधीही सापडल्या होत्या, आणि सापडल्या तितक्या तपासणीत पडल्या होत्या. जळणारा दगड सेकंदभरसुद्धा दिसत नाही. तेवढ्यात घड्याळ जरा इकडेतिकडे झालं, रेघ पुसट असली, लेन्सने वाकडं दाखवलं, की वेग फुगतो आणि घरचाच दगड परका वाटायला लागतो. ती फुगलेली जागा शोधणं हेच बारकीचं काम. तिच्या मागे तिला चाळणी म्हणायचे, हे तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. लोकांच्या वर्षावर्षांच्या आनंदाला तिने टाचणी लावली होती. एकजण तर तिच्या खोलीतच रडला होता, आणि ती त्याच्या हातात रुमाल देण्याऐवजी त्याला आलेख दाखवत राहिली होती. म्हणून दुपारी संचालकांनी बोलावलं तेव्हा तिला अंदाज होताच. "ही तपासणी तुमच्याकडे देतोय," ते म्हणाले. "नात्याचं मनात आणू नका."

"आणलं तर?"

"तर काय, जास्तच कडक तपासाल." ते आपल्याच विनोदावर खूश झाले. "ती टिकली तर वहिनीबाई पुढच्या वर्षी सगळ्या कॅमेऱ्यांच्या प्रमुख. तुमच्या भावाच्या खुर्चीवर. नाही टिकली तर मग बघू."

बारकी बाहेर आली तेव्हा तपासणी तिच्या हातात होती. ते बरं वाटत होतं, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. वहिनीने दादाचं घर घेतलं होतं. आईला घेतलं होतं. दादा गेल्यावर आईने, मी इथेच राहते, म्हणून सांगितलं आणि बारकीच्या फ्लॅटमधली तिच्यासाठी लावलेली खाट तशीच राहिली. आता खुर्ची. त्या संध्याकाळपासून ती वहिनीच्या हिशेबात शिरली आणि त्यात एखाद्या घरात चोर वावरावा तशी वावरली, ड्रॉवर उघडून, गाद्या उलटून. घड्याळं तपासली. रेघेचा प्रत्येक ठिपका स्वतः पुन्हा लावला. हवेने किती अडवलं असेल ते तीन वेगळ्या रीतींनी काढलं. काही सापडेना. वहिनीचं काम धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं, आणि प्रत्येक स्वच्छ पानागणिक बारकीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. ही बाई अशीच. तेव्हाही अशीच स्वच्छ बोलायची फोनवर. बारकी तेव्हा दूरच्या केंद्रावर नेमणुकीला होती आणि दर रविवारी फोन करायची. "तो आंघोळीला गेलाय." "झोपलाय गं, काल उशीर झाला." "आत्ताच बाहेर पडला." आवाजात एक सुरकुती नाही. कधी दादा यायचाच फोनवर, तर दोनचार वाक्यांत गुंडाळायचा, "काय बारके, किती उल्का मारल्यास?" आणि हसून ठेवून द्यायचा. मग एके दिवशी त्याच स्वच्छ आवाजाने सांगितलं, की डोक्यात गाठ आहे, बरेच दिवस होती, आता त्याला शुद्ध नाही, येतेस का. येतेस का! ती पोहोचली तेव्हा तो होता आणि नव्हता. नळ्या होत्या, यंत्राचा आवाज होता, त्याच्या नाकाचं टोक सोललेलं होतं. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काय बोलावं ते सुचलं नाही, तर कालच्या उल्कावर्षावाचा आकडा सांगितला. खोलीच्या कोपऱ्यात वहिनी उभी होती, हाताची घडी घालून. त्या घडीवर बारकीचं मन तेव्हा जे अडकलं ते अजून सुटलं नव्हतं.

शेवटी उरला कॅमेरा. पाण्याच्या टाकीवरच्या कॅमेऱ्यात उल्का ढगाआड अर्धीच दिसली होती. तिच्यावरून दिशा मिळत होती, वेग नाही. वेग सगळा डोंगरावरच्या कॅमेऱ्याचा. तो संस्थेचा पहिला कॅमेरा, दादाने स्वतः खांदा लावून वर नेलेला. त्या दिवशी बारकी बरोबर होती, नटबोल्टांची पिशवी घेऊन, आणि अर्ध्या वाटेत दम लागून बसली तर दादा म्हणाला होता, "तू बैस, तू येईपर्यंत मी तुझ्या वाटणीच्या उल्का बघून ठेवतो." कॅमेऱ्याची लेन्स माशाच्या डोळ्यासारखी फुगीर असते. मध्ये सरळ दाखवते, काठाशी, क्षितिजाजवळ, ओढून ताणून दाखवते. म्हणून नवी लेन्स बसवली की ओळखीचे तारे घेऊन ताण किती ते मोजतात आणि सुधारणा करतात. वहिनीची उल्का नेमकी काठावरून गेली होती. त्या काठाची सुधारणा दादाची होती, आणि दादाची म्हटल्यावर इतकी वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. बारकीनेही आत्तापर्यंत लावला नव्हता. खरं तर आजही तिने ती उघडली ती नुसती खात्री म्हणून, घरातल्या देवळीतला दिवा बघावा तसं, आहे ना, बस्स. तिने काठावरचे तारे एकेक घेतले. पहिला बसला, दुसरा बसला. पुढचा बसेना. त्याच्या पुढचाही. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिच्या लक्षात आलं आणि हात कीबोर्डवरून आपोआप मागे आला. दादाने एका ताऱ्याऐवजी त्याच्या शेजारचा तारा धरला होता. तिथून पुढे सगळा काठ ताणला गेला होता. गच्चीवर सतरंजीवर पडून तारे ओळखायला शिकताना बारकी हीच चूक करायची, आणि दादा तिच्या बोटाला धरून बोट सरकवायचा, "शेजारच्याला धरू नको, बारके. घाई नाही. आधी त्याच्या बहिणी बघ, मग तो." नवशिक्याची चूक. दादाची. तिने ताऱ्याच्या जागी तारा ठेवला, काठ सरळ केला, वेग पुन्हा काढला. एक्केचाळीस आणि वर थोडं. उल्का सूर्याच्या पदरचीच होती.

जिंकल्याची एक कळ तिच्या अंगातून गेली, नक्कीच गेली, आणि जाता जाता अर्ध्यावर वळून तिलाच लागली. वहिनीला पाडायचं तर दादाला पाडायला हवं होतं. आणि एकटी ही उल्का नव्हे. त्या कॅमेऱ्याच्या काठावरून गेलेल्या प्रत्येक रेघेचा वेग तेव्हापासून फुगलेला. मग तिने सुधारणेची, म्हणजे लेन्स बदलल्याची, तारीख पाहिली. पानगळीचे दिवस. दवाखान्याच्या आधीचे काही महिने. ज्या रविवारी तो आंघोळीला गेलेला असायचा ते रविवार. खोलीतली ट्यूबलाइट एकसारखी किणकिणत होती. ती रोजच किणकिणायची, पण आज बारकीला वाटलं की हा आवाज आपल्या दातांत आहे. तिला माहीत असतं, की याच्या डोक्यात गाठ आहे, तर तिने ही सुधारणा तेव्हाच उघडली असती. कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून ठेवून घेतली. लपवणारीनेच शेवटी त्याच खड्ड्यात पाय घातला होता. तिने लॅपटॉप बंद केला, तसाच काखेत मारला आणि चार दारं ओलांडून वहिनीच्या खोलीत गेली, या खेपेला चौकटीत न थांबता.

"बस," वहिनी म्हणाली.

"नको. तुझी उल्का पडली."

"उल्का पडायचीच असते." वहिनीने पेन खाली ठेवलं. "कितीवर आली?"

"एक्केचाळीस."

वहिनी खिडकीकडे वळली. खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत होती, दुसरं काही नव्हतं. "काठ?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं!"

"माहीत नव्हतं. वाटत होतं."

"लेन्स बदलली तेव्हा तो किती आजारी होता?"

"गॅस पेटता ठेवून बाहेर जायचा. चपला उलट्या घालायचा. एकदा मला म्हणाला, तुम्ही कुठे उतरणार?" वहिनीचा आवाज तसाच होता, सुरकुती नसलेला. "औषधं चालू होती. काही दिवस अगदी चांगले जायचे."

"आणि तू त्याला डोंगरावर पाठवलंस."

"मी पाठवलं? तुझा दादा कुणाच्या बापाचं ऐकत होता? टाकीवरचं होईल तेव्हा होईल, म्हणाला, पण डोंगरावरचा माझा आहे, तो मीच करणार. मी गाडी चालवली. मी टॉर्च धरला."

"टॉर्च धरून शेजारी उभी होतीस, आणि चुकीचा तारा धरताना बघत राहिलीस?"

"मी ताऱ्यांकडे बघतच नव्हते. मी त्याच्या पायांकडे बघत होते. तो कड्यावरून पडेल म्हणून."

बारकीला खरं तर इथे थांबता आलं असतं. पण इतक्या दिवसांचं साचलेलं असं एका वाक्यावर अडत नाही. "मग दावा करायच्या आधी स्वतः का नाही उघडलीस ती सुधारणा? ढोल वाजवले, प्रसिद्धीवाले जमवले. हसलीस सुद्धा. मी ऐकलंय."

"हो, हसले. आकडा आला तेव्हा एक क्षण खराच वाटला. तेवढंही नको होतं का तुला?" पहिल्यांदाच वहिनीचा आवाज कुठेतरी उसवला आणि तिने तो लगेच दाबून धरला. "दोनदा उघडायला बसले. नवऱ्याची चूक शोधायची म्हणून बसायचं, आणि हात उठत नाही. मग संचालकांना सांगितलं, वन्संकडे द्या. माझं एक अक्षर खरं मानणार नाहीत त्या. त्या सोडणार नाहीत."

वन्सं हा शब्द लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतला, दोघींच्या थट्टेतला. दादा गेल्यापासून बारकीने तो ऐकला नव्हता. "म्हणजे माझा राग तू वापरलास."

"नुसता वायाच चालला होता," वहिनी म्हणाली.

बैठकीत बारकीने पंधरावीस माणसांसमोर पडद्यावर तो काठ दाखवला, तो तारा आणि त्याचा शेजारी दाखवला, आणि दावा टिकत नाही म्हणून सांगितलं. प्रसिद्धीवाल्याने आपली वही मिटली. संचालकांनी विचारलं, "सुधारणा कोणाची?" त्यांना ती माहीत होती, सगळ्यांना माहीत होती, तरी त्यांनी विचारलं. बारकीने दादाचं नाव घेतलं, आडनावासकट, परक्या माणसाचं घ्यावं तसं. वहिनी टेबलाच्या पलीकडे हाताची घडी घालून बसली होती आणि त्या घडीतून तिच्याच एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पांढरं पडेपर्यंत आवळून धरलं होतं. दवाखान्यात बारकी एवढ्या जवळ कुठे गेली होती, तेव्हा तिला ते दिसलंच नव्हतं. बैठकीनंतर बाथरूममध्ये, दाराआड असताना, तिने बाहेर बेसिनपाशी दोन बायकांचं बोलणं ऐकलं. "मेलेल्या भावालाही सोडलं नाही हो." "त्या भावजयीला खाली ओढायचं म्हणजे काय." नळ बंद झाला, हात वाळवायचं यंत्र घरघरलं, दार आपटलं. दोघींचं म्हणणं खोटं होतं असं बारकीलाही छातीठोकपणे म्हणता आलं नसतं.

आईला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून ती त्या संध्याकाळी वहिनीच्या घरी गेली. दादानंतर आईला भेटायचं तर ती खाली बागेत बोलवून घ्यायची. जिना चढली नव्हती. वहिनीने दार उघडलं, ये म्हणाली नाही, दार उघडं टाकून आत गेली. आई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बारकीने उभ्यानेच सांगून टाकलं, की दादाच्या कामात एक चूक निघाली, आपण ती सगळ्यांसमोर सांगितली, लोक काहीबाही बोलतील. आईने उशीचा अभ्रा झटकला, कोपऱ्याला कोपरा जुळवला. "एवढंच ना?" ती म्हणाली. "निघणारच. शेवटी शेवटी मला अहो बाई म्हणायचा तो. अहो बाई, जरा पाणी देता का? मी द्यायची."

बारकीला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. ती धरून चालली होती, की आईलाही असंच शेवटी, फोनसारखं एका वाक्यात कळलं असणार; आपण दोघी एकाच बाजूला उभ्या आहोत आणि आई भोळी म्हणून वहिनीला बधली. "तुला माहीत होतं?"

"घरातच होते ना मी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

आईने वहिनीकडे बघितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. "जाऊ द्या ना, आई," ती म्हणाली. "तिला कशाला आता."

"आता काय लपवायचंय? हिने तुझ्यावर डूख धरलाय, तू आपली गप्प. मी तरी किती दिवस बघू?" आईने अभ्रा बाजूला ठेवला. "त्यानेच हात जोडले होते आम्हाला, दोघींना समोर बसवून. म्हणाला, बारकीला काही कळू देऊ नका. तिला कळलं तर ती मला तपासायला लागेल."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी आत गेली. बारकीला एकेक रविवार आठवायला लागला, या बाजूने. "काय रे, मागच्या वेळी तू हेच सांगितलंस की." "आकडा चुकतोय तुझा, दादा." "पुन्हा म्हण, काय म्हणालास?" ती असंच बोलायची, लहानपणापासून, त्यानेच तर लावलेली सवय. त्याने मोजलेल्या उल्का ती खोडून काढायची आणि तो कौतुकाने सगळ्यांना सांगायचा, आमच्या बारकीच्या हातून काही सुटत नाही. आणि त्या पलीकडच्या टोकाला तो रिसीव्हर धरून बसलेला, वाक्यं जुळवत, आपलं काय निसटलंय ते हिच्या लक्षात येण्याआधी फोन ठेवायची घाई करत. घाबरल्या डोळ्यांनी वहिनीकडे बघत असेल. वहिनी मग फोन घेत असेल, तो आंघोळीला गेलाय. "येते मी," बारकी म्हणाली. आई म्हणाली, "जेवून जा." ती थांबली नाही. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर दुकानांच्या उजेडात, माणसांच्या गर्दीत, तिच्या छातीतून संताप असा उसळून वर आला की ती थांबलीच. इतकी वर्षं तो भलत्याच दारावर धडका मारत होता. "भित्रट!" ती मोठ्याने म्हणाली. "भित्रट मेला! मी काय खाल्लं असतं तुला?" भाजीची पिशवी घेऊन पुढे चाललेली एक बाई गर्रकन वळली. "मला म्हणालात?"

"नाही हो. भावाला."

बाईने आजूबाजूला बघितलं, कुणी भाऊ दिसला नाही. "माझाही तसलाच आहे," ती म्हणाली आणि निघून गेली.

पुढचे काही दिवस बारकीने त्या काळातल्या दादाच्या सगळ्या कामाची तपासणी काढली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नकोही म्हणालं नाही. तो ज्याला घाबरला होता तेच ती करत होती, अगदी ठरवून; घे, तपासतेय तुला, कर काय करायचं ते. टाकीवरच्या कॅमेऱ्याची लेन्सही त्याच पानगळीत बदललेली, सुधारणेवर नाव दादाचंच. तिने काठापासून सुरुवात केली. पहिला तारा बसला, दुसरा बसला, सगळे बसत गेले, क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यातले मिणमिणते सुद्धा. एकही शेजारी धरलेला नव्हता. तिने पुन्हा पाहिलं, मग तिसऱ्यांदा, जरा वेडंवाकडं काही निघतंय का म्हणून, आणि हळूहळू तिचं चिडणंच थंडावलं. गाठ होती, माणसं ओळखू येत नव्हती, चपला उलट्या पडत होत्या, तरी याने हे केलं. घाई नाही, आधी बहिणी बघ, मग तो. तिला त्याचं बोट आपल्या बोटाला लागल्यासारखं झालं. डोळे पाण्याने भरले आणि पडद्यावरचे तारे फिसकटले. ती उठली, चार दारं ओलांडून गेली आणि न विचारता वहिनीसमोरच्या खुर्चीवर बसली.

"टाकीवरचा बरोबर आहे," ती म्हणाली. "पार काठापर्यंत. एक तारा इकडचा तिकडे नाही. मी तीनदा बघितलं. म्हणजे तो अगदीच काही..."

वहिनीने नजर टेबलावर आणली आणि तिथला एक कागद उगीच सरळ केला.

"काय?" बारकी म्हणाली.

"काही नाही. चांगलं झालं."

"वहिनी, काय ते बोल."

"नको."

"बोल म्हणते ना!"

"तो मी केला होता," वहिनी म्हणाली. "त्याला टाकीची शिडी चढवेना. खाली गाडीत बसून राहिला, काच वर करून. मी वर गेले. आल्यावर म्हणाला, झालं का माझं काम? मी म्हटलं, झालं. त्याचंच नाव टाकलं."

नुकतं हातात आलेलं ते बोट बारकीच्या हातातून निघून गेलं. तेही हिचंच. तिला वाटलं, उठावं आणि या बाईच्या टेबलावरचं सगळं एका हाताने खाली ढकलून द्यावं, तिच्या स्वच्छ कागदांसकट. ती उठलीही. टेबलाला वळसा घालून ती वहिनीच्या बाजूला आली, तिच्या पुढचा कीबोर्ड तिने आपल्याकडे ओढला आणि टाकीवरच्या कॅमेऱ्याची नोंद उघडली. "मग नाव चूक आहे," ती म्हणाली.

"राहू दे गं. कोण बघतंय?"

"राहू देणार नाही. चूक आहे ती."

"त्याचं एवढं एक तरी राहू दे," वहिनी म्हणाली आणि तिने बारकीचं उजवं मनगट पकडलं. पकड घट्ट होती, नखं रुतत होती.

"सोड."

वहिनीने सोडलं नाही. तिचा श्वास बारकीच्या दंडाला लागत होता, गरम, तुटक. बारकीने दुसऱ्या हाताने दादाचं नाव खोडलं आणि तिथे वहिनीचं नाव लिहायला घेतलं, जे तिने कधी तोंडाने घेतलं नव्हतं. डाव्या हाताला सवय नव्हती. मधलं एक अक्षर चुकलं. तिने ते पुसलं आणि पुन्हा नीट लिहिलं.